अण्णांचं अडतीस बोअर

मागे इथे काचीगुड्यातल्या जुन्या घरांबद्दल लिहिलं होतं, तेव्हा बऱ्याच जणांनी आपापल्या ट्रंका उघडल्या आणि फोटो, सनदा, शाळेचे दाखले असं काय काय बाहेर आलं. आमच्याकडची ट्रंक जरा उशिरा उघडली. घर पाडून अपार्टमेंट करायचं ठरलं, म्हणून दिवाळीनंतर माळा रिकामा करायला घेतला. तिथे तांब्यापितळेच्या भांड्यांमागे एक लाकडी पेटी निघाली. आत चार वस्तू होत्या : रिव्हॉल्वर ठेवायचं चामड्याचं होल्स्टर, पितळी टोकाची एक बारीक सळई, आजोबांची मोडीतली वही आणि एक उर्दू पावती. रिव्हॉल्वर मात्र नव्हतं.

माझ्या भाच्याने होल्स्टर हातात घेतलं आणि त्याचे डोळे चमकले. "आत्ये, हे तर चारशे पंचावन्नचं आहे. वेब्ली मार्क सिक्स! अण्णांकडे एवढं मोठं हत्यार होतं?"

(तो माझ्या बहिणीचा मुलगा, म्हणजे मी त्याची मावशी. पण आमच्या घरात लहानपणापासून सगळीच मुलं मला आत्या म्हणतात. हैदराबादच्या एकत्र घरांत असं चालायचंच.)

त्याला एवढी माहिती असायचं कारण म्हणजे तो स्वतः वर्षभर नवीन रिव्हॉल्वर घ्यायच्या विचारात आहे. चेवेळ्ळाकडे त्याची शेती आहे, रात्री उशिरा एकटाच ये-जा करतो. फोनमध्ये त्याने तुलनेचे तक्ते करून ठेवलेत : कोणतं किती वजनाचं, कोणाची नळी किती लांब. त्याचं एकच पालुपद, घ्यायचं तर मोठ्या बोअरचंच घ्यायचं. मी म्हटलं, थांब. ही वही वाचून होऊ दे, मग ठरव.

मोडी मला येत नाही. शालिबंड्यातले एक ऐंशी वर्षांचे गृहस्थ अजून मोडी वाचतात, त्यांच्याकडे चार संध्याकाळी बसले. उर्दू पावती शेजारच्या शिक्षिकाबाईंनी वाचून दिली. बाकीचं आजीने मला १९७० च्या सुमारास, मी कॉलेजात असताना सांगितलेलं. ते सगळं जुळवून हे लिहिते आहे. जरा लांबेल, पण सांभाळून घ्या.

आधी आपल्या शहराबद्दल. हैदराबादला हत्यारांचं कधी वावडं नव्हतं. आपण आबिदला जाताना ज्या गनफाउंड्रीवरून जातो, तो तोफांचा कारखाना फ्रेंच सेनानी रेमाँ याने १७९५ च्या सुमारास उभारला. लोक त्याला तोप का सांचा म्हणत. त्याच १७९५ च्या मार्चमध्ये खर्ड्याची लढाई झाली, मराठे जिंकले आणि रेमाँच्या पलटणी निजामाच्या बाजूने तिथे होत्या. आपल्यातल्या अनेकांचे पूर्वज मात्र तेव्हाही लेखणीवरच होते. निजामाचं दफ्तर-ए-दिवाणी सांभाळणारं राय रायान घराणं मराठीच. तलवार दसऱ्याला पूजेपुरती काढायची आणि पोट लेखणीवर भरायचं, ही आपली रीत. वकील, मास्तर, कारकून, जमाखर्चनवीस. शहरात अरब, रोहिले, पठाण कमरेला जंबिया आणि खांद्याला बंदूक लावून हिंडायचे, आपण त्यांना वाट द्यायचो.

सहावे निजाम महबूब अली खान यांच्या नेमबाजीच्या आणि वाघांच्या शिकारीच्या गोष्टी आमच्या आजीलासुद्धा पाठ होत्या. सालारजंग म्युझियममध्ये शस्त्रांचं दालन पाहताना आपण कौतुकाने थांबतो. पण घरात रिव्हॉल्वर असणारा मराठी माणूस विरळाच. त्याला परवाना लागे, पैसा लागे, आणि मुख्य म्हणजे कारण लागे.

आता थोडं रिव्हॉल्वरबद्दल, कारण वहीतलं पुढचं पान त्याशिवाय कळत नाही. एकामागून एक बार उडवणारं, फिरत्या चक्राचं पिस्तूल सॅम्युएल कोल्ट या अमेरिकन माणसाने १८३६ मध्ये पेटंट केलं. आपल्याकडे त्याला सहाबारी म्हणत. १८५७ च्या उठावात इंग्रज अधिकाऱ्यांकडे दोन प्रकार होते. एक कोल्टचं, नेम चांगला पण गोळी लहान. दुसरं इंग्रज कारागीर ॲडम्स याचं, गोळी जाड, आणि घोडा हाताने मागे न ओढता नुसता चाप दाबला की उडणारं. धावून येणारा माणूस लहान गोळीने थांबत नाही, असं अनेक अधिकाऱ्यांचं मत पडलं. त्याच साली १७ जुलैला तुर्रेबाज खान आणि मौलवी अलाउद्दीन यांनी आपल्या कोठीच्या रेसिडेन्सीवर हल्ला केला होता, हे आपल्याला ठाऊकच आहे. तेव्हा "मोठी गोळी" हा इंग्रजांचा हट्ट हिंदुस्थानातल्या भीतीतूनही पक्का झालेला आहे.

पुढे वेब्ली कंपनीचं .४५५ इंची रिव्हॉल्वर १८८७ मध्ये फौजेने घेतलं. त्याचा सहावा अवतार, मार्क सिक्स, १९१५ चा. नळी पुढे मोडली की उघडतं आणि रिकामी काडतुसं आपोआप बाहेर फेकली जातात. बोअर म्हणजे नळीच्या आतल्या भोकाची रुंदी. चारशे पंचावन्न म्हणजे साधारण साडेअकरा मिलिमीटर, अडतीस म्हणजे नऊच्या थोडं वर, बत्तीस म्हणजे आठच्या जवळपास.

सरकारची आणखी एक भीती होती. १८७८ च्या आर्म्स ॲक्टने हिंदी माणसाच्या हातातलं हत्यार परवान्याखाली आणलंच होतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फौजेची काडतुसं चोरून बंडखोरांच्या हाती पडतात म्हणून फौजी बोअर खासगी माणसाला बंद करण्याचं धोरण आलं. .४५० च्या शिकारी रायफली बंद झाल्या, तेव्हा इंग्लंडच्या बंदूक कारखानदारांनी निव्वळ हिंदुस्थानच्या गिऱ्हाइकांसाठी .४६५ आणि .४७० अशी नवी मापं काढली. सरकारी भीतीतून नवीन वस्तू जन्माला येते ती अशी. ती भीती अगदीच पोकळ नव्हती. नाशिकला २१ डिसेंबर १९०९ रोजी अनंत कान्हेरे यांनी जॅक्सनवर गोळ्या झाडल्या, त्या विलायतेहून गुपचूप आलेल्या ब्राउनिंग पिस्तुलाने.

आता आमचे अण्णा. आजोबांना घरात सगळे अण्णा म्हणत. मुसीकाठच्या हायकोर्टात वकील, बोलणं उर्दूत, टिपणं मोडीत, भांडण मराठीत. नांदेड जिल्ह्यात थोडी जमीन आणि एक पडका वाडा. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे काय येतं ते तुम्ही वाचालच, आणि त्या गावात दोन्हीकडची घरं अजून नांदतात. वर्षातून चार वेळा अण्णा काचीगुड्याहून मनमाडच्या मीटरगेज गाडीने उमरीला उतरायचे आणि पुढे बैलगाडीने. परतताना कनवटीला रोकड असायची. १३५५ फसलीत, म्हणजे १९४६ च्या आसपास, त्यांच्या गाडीवर दोनदा दरोड्याचा प्रयत्न झाला. एकदा गाडीवानाचा हात मोडला. तेव्हा अण्णांनी रिव्हॉल्वर घ्यायचं ठरवलं.

वहीत त्या पानावर तीन रकाने आहेत. वजनं ग्रॅममध्ये नाहीत, औंसात नाहीत, चक्क तोळ्यांत. वेब्ली .४५५ : वजन ९४ तोळे, गोळी दीड तोळा. वेब्ली .३८ : वजन ६५ तोळे, गोळी एक तोळा एक मासा. कोल्ट .३२ : वजन ५० तोळे, गोळी साडेसहा मासे. भाच्याने ग्रॅममध्ये करून आपल्या तक्त्याशी ताडून पाहिलं, तर बरोबर जुळलं! ९४ तोळे म्हणजे अकराशे ग्रॅमच्या जवळपास.

आजी सांगायची, हा हिशेब अण्णा मोठ्याने करत होते आणि ती शेजारी शेवया वळत होती. ती म्हणाली, "चौऱ्याण्णव तोळे लोखंड घेताय? मला चौदा तोळे सोनं तरी केलंत का कधी?" अण्णा हसले नाहीत. फार गंभीरपणे तुलना चालली होती.

अण्णांचं मन चारशे पंचावन्नवर होतं. लढाई संपली होती, परत जाणाऱ्या गोऱ्या अधिकाऱ्यांची हत्यारं सिकंदराबादेत निघत होती, आणि ओळखीतल्या एका जागीरदारांनी तसलंच घेतलं होतं. शिवाय मनात एक सल होता, तो त्यांनी वहीत लिहिला नाही पण आजीला बोलून दाखवला. कोर्टातले लोक म्हणतील, बामणाने घेऊन घेऊन घेतलं काय, तर बत्तीस बोअर.

त्यांचा गैरसमज दूर केला आमच्या शेजारच्या रिसालदारसाहेबांनी. मुसलमान गृहस्थ, निजामाच्या लान्सर्समधून निवृत्त. पहिल्या महायुद्धात सुएझ आणि पॅलेस्टाइनला जाऊन आलेले. १९१८ च्या सप्टेंबरात हैफा घेताना जोधपूर आणि म्हैसूरच्या लान्सर्सबरोबरच्या ब्रिगेडमध्ये हैदराबादचे स्वार होते. दिल्लीच्या तीन मूर्तींपैकी एक मूर्ती आपल्या हैदराबादची, हे किती जणांना माहीत आहे? तर हे रिसालदारसाहेब चार वर्षं कमरेला मार्क सिक्स बांधून घोड्यावर बसलेले.

त्यांनी अण्णांना सांगितलं, एक तांब्या घ्या, पाण्याने भरा, वजन शेर-सव्वाशेर होऊ द्या. उजवा हात सरळ पुढे ताठ करून धरा आणि शंभर आकडे मोजा. पाणी हिंदकळता कामा नये. तेव्हा रिव्हॉल्वर एका हातानेच चालवायची पद्धत होती. अण्णांचा हात चाळिसाला थरथरला आणि पंचावन्नला तांब्या खाली आला, अर्धं पाणी धोतरावर. मग पाणी कमी करून तांब्या पासष्ट तोळ्यांचा केला. नव्वदपर्यंत गेले.

रिसालदारसाहेब म्हणाले, "वकीलसाब, गोली मोटी हुई तो निशाना मोटा नै होता."

आणि मग त्यांनी खुलासा केला. खुद्द इंग्रजी फौजेनेच पहिल्या महायुद्धानंतर चारशे पंचावन्न सोडलं. कारण घाईघाईने भरती केलेल्या शिपायाला ते पेलत नव्हतं. मुरलेल्या सैनिकाच्या हाती ते उत्तम, पण नवख्याची पहिली गोळी कुठेतरी जायची आणि दुसरीला हात वर उडालेला असायचा. म्हणून त्यांनी गोळी बारीक केली पण तिचं वजन शक्य तितकं राखलं, आणि १९३० च्या दशकात अडतीस बोअरचं हलकं रिव्हॉल्वर फौजेत आलं. बत्तीस त्याहून सोपं, पण त्याची गोळी अडतीसच्या निम्म्या वजनाची.

दुसरा मुद्दा काडतुसांचा. हत्यार एकदा घ्यायचं असतं, काडतूस दरवर्षी. तिसरा मुद्दा रिसालदारसाहेबांनी शेवटी विचारला, तो सगळ्यात अवघड. "रात को उठके आप इसे किस पे ताननेवाले, सोचे क्या?" अण्णा म्हणाले, दरोडेखोरावर. "पैचानेंगे कैसे?" यावर अण्णांकडे उत्तर नव्हतं.

वहीतल्या त्या पानाच्या तळाशी एवढंच आहे : "अडतीस. काडतूस सिकंदराबादेस मिळते. हात पुरतो."

परवाना मिळाला, रिव्हॉल्वर घरी आलं, आणि रिसालदारसाहेबांनी स्वतःचं पॅलेस्टाइनपासूनचं जुनं होल्स्टर अण्णांना भेट दिलं. म्हणजे होल्स्टर चारशे पंचावन्नचं आणि आत अडतीस. ढगळ सदऱ्यात पोर असावं तसं. आजी म्हणायची, अण्णा चालले की ते आत खडखडायचं आणि दरोडेखोराला आधीच कळायचं. भाच्याचं कोडं इथे सुटलं.

मग आलं १९४७. २९ नोव्हेंबरला भारत सरकार आणि निजाम यांच्यात जैसे थे करार झाला, पण रस्त्यावर काही जैसे थे नव्हतं. लातूरच्या वकिलीतून पुढे आलेला कासीम रझवी रझाकारांचा पुढारी झाला होता. ४ डिसेंबरला नारायणराव पवार यांनी किंग कोठीच्या रस्त्यावर निजामाच्या मोटारीवर बॉम्ब टाकला. स्वामी रामानंद तीर्थांच्या स्टेट काँग्रेसचे लोक तुरुंगात किंवा सरहद्दीवरच्या कॅम्पांत. आपली कितीतरी घरं तेव्हा सोलापूर, बार्शी, मनमाड, उमरखेडकडे निघून गेली. अण्णांनी आजीला आणि मुलांना सोलापूरला पाठवलं आणि स्वतः घर राखत राहिले. सिडनी कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून विमानं भरभरून शस्त्रं हैदराबाद संस्थानात उतरवत होता. आकाशातून हत्यारं येत होती आणि अण्णांच्या उशाखाली सहा गोळ्या.

१९४८ च्या ऑगस्टमध्ये 'इमरोज'चे संपादक शोएबुल्ला खान यांचा काचीगुड्यात, आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर खून झाला. संस्थानाने भारतात सामील व्हावं असं त्यांनी निर्भीडपणे लिहिलं होतं. मुसलमान असूनही त्यांना सोडलं नाही, म्हणून त्या आठवड्यात सगळी गल्ली, हिंदू आणि मुसलमान, दिवेलागणीलाच दारं लावून घेत होती.

तशाच एका रात्री आमच्या दारावर थापा पडल्या. अण्णा वरच्या खिडकीतून पाहतात तो खाली तिसेक माणसं, हातात काठ्या, दोन-तीन बंदुका. अण्णांनी रिव्हॉल्वर हातात घेतलं. पुढचं त्यांनी आजीला सांगितलं ते असं : "सहा गोळ्या आणि तीस माणसं. सगळ्या लागल्या असं धरलं तरी चोवीस उरतात. आणि ती चोवीस मग मला सोडतील का?" वकील माणूस, भीतीतही वजाबाकी केली. चाप दाबला नाही.

शेजारचं दार उघडलं. रिसालदारसाहेब लुंगीवर, हातात कंदील घेऊन बाहेर आले आणि त्या माणसांशी बोलत उभे राहिले. काय बोलले ते अण्णांना ऐकू आलं नाही. पाव तास गेला. माणसं गेली. सकाळी अण्णा आभार मानायला गेले तर रिसालदारसाहेबांनी विषयच काढू दिला नाही, चहा पाजला.

इथपर्यंतची गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना माहीत होती. लग्नकार्यात सांगितली जायची. पुढची आजीने मला एकटीलाच सांगितली, आणि ती सांगावी की नाही याचा मी बरेच दिवस विचार केला.

१३ सप्टेंबरला भारतीय फौजा आत आल्या, १७ तारखेला निजामाने शरणागती जाहीर केली. आपण तो मुक्तिसंग्राम दिन म्हणून मानतो आणि मानायलाच हवा. अण्णा ऑक्टोबरमध्ये गावी गेले. गावात गुलाल उधळलेला होता. आणि मोमिनांची चार घरं होती, त्यांना कड्या घातलेल्या होत्या. रझाकारांच्या काळात त्यातल्या एकाने रझाकारांना धान्य पुरवलं होतं, बाकी तिघांचा काही संबंध नव्हता. बायकामुलं कुठे तरी लपली होती.

रात्री वाड्यावर गावातली आठ-दहा माणसं आली. सगळी ओळखीची, काही तर अण्णांच्या कुळातली, एक त्यांच्या मुंजीत जेवलेला. म्हणाले, "अण्णासाहेब, तुमचं ते यंत्र दोन दिवस द्या. नुसतं धाक दाखवायला." अण्णा म्हणाले, परवाना माझ्या नावावर आहे, दुसऱ्याच्या हाती देता येत नाही. ते म्हणाले, आता कसला परवाना, राज्य आपलं आहे. अण्णा नाही म्हणाले. ती माणसं गेली नाहीत, ओसरीवर बसून राहिली. आजी म्हणायची, काचीगुड्यातल्या त्या रात्रीपेक्षा अण्णा या रात्री जास्त घाबरले, कारण या वेळी समोर आपलीच माणसं होती आणि मध्ये पडायला रिसालदारसाहेब नव्हते.

पहाटे अण्णा गाडी जुंपून निघाले, थेट नांदेड गाठलं आणि रिव्हॉल्वर काडतुसांसकट पोलीस कचेरीत जमा केलं. पेटीतली पावती ती. आजूर १३५८ फसली. एक नग रिव्हॉल्वर वेब्ली अडतीस बोअर, काडतुसं चोवीस. होल्स्टर खांद्यालाच राहिलं, ते घरी आलं.

अण्णा चार दिवसांनी गावी परतले तेव्हा त्या घरांपैकी दोन पुरुष मारले गेले होते. कुऱ्हाडीने. हत्यार नाही म्हणून काही अडलं नव्हतं.

पंडित सुंदरलाल यांची समिती त्या वर्षअखेरीस संस्थानात फिरली. उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड या चार जिल्ह्यांत सर्वांत जास्त हानी झाली असं तिने लिहिलं आणि संस्थानभर मिळून २७ ते ४० हजार माणसं मारली गेली असा अंदाज दिला. तो अहवाल सरकारने तेव्हा प्रसिद्ध केला नाही. रझाकारांनी आपल्या गावांत काय केलं ते आपण घराघरांत सांगतो, आणि ते खरंच आहे. हेही तितकंच खरं आहे, पण ते आपण सांगत नाही.

आजीला मी विचारलं होतं, अण्णांनी योग्य केलं ना? हत्यार दिलं नाही. आजी बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "दिलं नाही हे बरंच केलं. पण ते घेऊन त्या घरांपुढे जाऊन बसलेही नाहीत. रिसालदारसाहेबांकडे तर नुसता कंदील होता." अण्णा हयातीत नांदेडला ते रिव्हॉल्वर सोडवून आणायला गेले नाहीत. जमिनीही पुढे कुळकायद्यात गेल्या, आणि गावाचा संबंध सुटला. रिसालदारसाहेबांचा मुलगा कराचीला गेला, ते स्वतः गेले नाहीत. पन्नासच्या दशकात इथेच वारले. अण्णा खांदा द्यायला गेले होते, एवढं मला वडिलांकडून ठाऊक आहे.

आता भाच्याचा प्रश्न. त्याला जे सांगितलं ते इथेही लिहिते, कारण ग्रुपमध्ये आणखी काही जण या विचारात आहेत असं कळलं. १९५९ चा आर्म्स ॲक्ट १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू झाला. आजच्या नियमांत अडतीस आणि चारशे पंचावन्न ही दोन्ही फौजी-पोलिसी बोअर निषिद्ध धरली जातात, सर्वसामान्य माणसाला मिळत नाहीत. म्हणजे अण्णांनी तुलना केलेल्या तिघांपैकी आज फक्त बत्तीसच उरलं. विलायती हत्यारांची खासगी आयात ऐंशीच्या दशकात बंद झाली, त्यामुळे .३५७ मॅग्नमसारखं मोठं रिव्हॉल्वर हवं असेल तर जुनं, हात बदललेलं शोधावं लागतं आणि त्याची किंमत ऐकूनच हात थरथरतो. नवं घ्यायचं तर कानपूरच्या सरकारी कारखान्याचं बत्तीस बोअर. त्यातलं 'निर्भीक' २०१४ मध्ये आलं, पाचशे ग्रॅमच्या आसपास, म्हणजे अण्णांच्या हिशेबाने ४३ तोळे. वेब्लीच्या नावाचं बत्तीस बोअरही आता उत्तर प्रदेशात हरदोई जिल्ह्यात बनतं. गंमत म्हणजे कानपूरचं निर्भीक अजून त्याच जुन्या वेब्लीसारखं नळी मोडून उघडतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला जास्तीत जास्त दोनच हत्यारं ठेवता येतात, आणि परवान्याची मुदत तीनाची पाच वर्षं झाली आहे. हत्यार हाताळायचं प्रशिक्षण घेतल्याचा दाखलाही लागतो.

हे सगळं भाच्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. त्याच्या तक्त्यात रकानेही अण्णांपेक्षा जास्त आहेत. मी त्याला म्हटलं, रिसालदारसाहेबांचा तिसरा प्रश्न तुझ्या तक्त्यात कुठे दिसत नाही. आणि आणखी एक रकाना घाल : हे घरात आहे हे कळल्यावर उद्या कोण कोण मागायला येईल, आणि त्याला तू काय सांगशील?

तो काही बोलला नाही. स्वयंपाकघरात गेला, अण्णांच्याच वेळचा तांब्या भरून आणला आणि हॉलमध्ये हात ताठ करून उभा राहिला. रोज जिमला जाणारा मुलगा. सत्तरला पाणी सांडलं. फरशी पुसायचं काम मलाच करावं लागलं. अर्ज अजून भरलेला नाही, विचार करतोय म्हणाला.

होल्स्टर मी नव्या घरात नेणार आहे. रिसालदारसाहेबांच्या कोणी नातलगांचा पत्ता लागला तर ते त्यांना द्यावं असं मनात आहे. त्यांचं कुटुंब काचीगुड्यात आमच्या शेजारी, चिंचेच्या झाडाच्या घरात राहायचं. जुन्या मंडळींपैकी कोणाला ते घर आठवत असेल तर जरूर कळवा. आणि तुमच्या घरी आजूर १३५८ च्या सुमाराच्या अशा पावत्या असतील तर फेकू नका, वाचून घ्या. उर्दू वाचणारी माणसं आपल्या शेजारीच आहेत.